टकळीवरचे त्रेसष्ट अर्थ

॥ श्री ॥

अल्लीपूर,
कोजागरीचा दुसरा दिवस, १९५८

ती. सौ. सुमतीताईस,

धाकट्या माधवचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी नुसता नमस्कार लिहिला असता. पण माझ्या हातांबद्दल तुझं जे मत आहे ते लक्षात घेता, निदान जोडण्याच्या कामी तरी ते येतात हे नोंदवून ठेवलेलं बरं.) तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजी अजून पहाटे विहिरीचं गार पाणी अंगावर घेतात का, आणि घेत असतील तर त्याची हकीकत आल्यागेल्याला अजून सांगतात का? तुमच्या सिंदी मेघेकडे या वर्षी पाऊस बरा झाल्याचं कळलं. इकडे सरोजिनी ठीक आहे, सुधा सासरी रुळली आहे, म्हैस आटली आहे. मी ठीक आहे की नाही ते पत्र संपेपर्यंत तुझं तूच ठरवशील.

तीन वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही आणि तीन भाऊबिजा चुकवल्या. त्याचं कारण या पत्रात काढायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून ते आधीच उरकून टाकतो. तू स्वतः कातलेल्या सुताचं उपरणं भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर माझ्या खांद्यावर घातलं होतंस. पुढे सत्यनारायणाला तू आमच्याकडे आलीस तेव्हा ते खांद्यावर नव्हतं, फळीवरच्या डिक्शनरीभोवती गुंडाळलेलं होतं. तू पाहिलंस, पण काही बोलली नाहीस. बोललो मीच. पंगत बसलेली, हेडमास्तर समोर, मला चार लोकांना हसवायचं होतं. मी म्हणालो की सूत कातणं ही रिकाम्या हातांना दिलेली शिक्षा आहे, आणि आमच्या ताईच्या सुताला निदान एक पुस्तक सांभाळण्याचं काम तरी मिळालं. लोक हसले. तू पानावरून उठलीस, पिशवी घेतलीस आणि दारात म्हणालीस, "माधव, तुझी सगळी टकळी तोंडातच आहे." मग दोनची बस धरलीस. महिनाभरात तू विसरशील असं मला वाटलं होतं. (मी तिसरीत असताना तुझ्या जरीच्या परकरावर सांडलेली शाई तू अजून विसरलेली नाहीस, हे मी विसरलो.) असो. हा विषय संपला.

आता मूळ हकीकत. एकोणतीस वर्षं मी या गावात इंग्रजी शिकवतो आहे, आणि इंग्रजी म्हणजे माझ्यापुरतं एकच क्रियापद, 'गेट'. (फाटकाचं गेट नव्हे. ते आमच्या शाळेला नाही.) आमच्या मास्तरांनी मला त्याचे नऊ अर्थ दिले होते. मी ते डिक्शनरी चाळून, रद्दीतली इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून, आणि एकदा तर वर्ध्याच्या स्टेशनवर दोन गोऱ्या साहेबांचं भांडण गाडी चुकवून शेवटपर्यंत ऐकून, त्रेसष्टवर नेले. वडिलांनी नऊ एकर ठेवावी आणि मुलाने त्रेसष्ट करून दाखवावी, तसं. मिळणे, मिळवणे, घेणे, आणणे, पोचणे, होणे, समजणे, करवून घेणे, आणि प्रत्येकाला जोडीला दुसरा इंग्रजी शब्द: ऑब्टेन, रिसीव्ह, फेच, अराइव्ह, बिकम. या क्रियापदाएवढा सोशिक शब्द मी दुसरा पाहिला नाही. कुणीही यावं आणि वाटेल ते काम सांगावं, हा नाही म्हणत नाही. (शाळेत अशी दुसरी व्यक्ती म्हणजे मी.) इंग्रज ताप 'गेट' करतो, बायको 'गेट' करतो आणि मुलूखही 'गेट' करतो, तिन्हीला एकच शब्द. आपल्याकडे ताप येतो, बायको मिळते आणि मुलूख जातो. दीडशे वर्षं त्यांनी बासष्ट अर्थ आपल्यावर चालवून पाहिले. त्रेसष्टावा, म्हणजे निघून जाण्याचा, तेवढा आपण त्यांना शिकवला.

पोरांना हे सगळं मी तालावर पाठ करवून घेतो. तू हसशील, पण पाठांतराशिवाय इंग्रजी येत नाही अशी माझी श्रद्धा आहे, आणि ज्या माणसाला इंग्रजी पाठांतरानेच आलं त्याने दुसरी श्रद्धा कुठून आणावी? अडचण आली ती दोन वर्षांपूर्वी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हापासून. (जिल्हा गेला म्हणजे कुठे गेला हे मला अजून समजलेलं नाही. अल्लीपूर तिथेच आहे.) पूर्वी आम्ही नागपूरचे कागद समजून घ्यायला शिकलो होतो, आता वेगळे येऊ लागले. त्यांतून आमचे हेडमास्तर रूपरावजी यांनी दोन गोष्टी काढल्या. एक, हिंगणघाटला एक नवा बी. ए. झालेला तरुण मोकळा आहे. दोन, सूतकताईच्या तासाला मास्तर नाही. तेव्हा येत्या तपासणीत आठवीचं इंग्रजी चांगलं दिसलं तर मी इंग्रजीवर राहणार, नाही तर तो तरुण इंग्रजीवर आणि मी सेवानिवृत्त होईपर्यंतची तीन वर्षं टकळीवर. मला टकळी धरता येत नाही असं मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, चित्रकला तरी कुठे येत होती, तरी वर्षभर शिकवलीच ना.

ताई, खरं सांगतो, मला भीती वाटली. टकळीची नाही. 'गेट' दुसऱ्याच्या हाती जाईल याची. त्या तरुणाला मी एकदा सहज विचारलं, तर त्याने चौदा अर्थ सांगितले आणि म्हणाला, बाकीचे संदर्भाने समजतात. चौदावर भागवणाऱ्या माणसाच्या हाती माझे एकोणपन्नास अर्थ बेवारस मरणार, या विचाराने मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्यातच मे महिन्याच्या वादळात सूतकताईच्या शेडवरचे पत्रे उडाले. (त्यातले दोन गावातल्या एका गोठ्यावर सापडले. ते तिथे इतके शोभून दिसतात की परत मागायला कुणाचं मन होत नाही.) शाळा उघडली, आणि आठवड्याला सूतकताईचे तास तर भरलेच पाहिजेत. रूपरावजींनी एक सकाळ विचार करून मला बोलावलं. "मास्तर, इंग्रजीले हात लागत नाई आन् टकळीले कान लागत नाई. मंग दोन्ही एकाच तासात काऊन नाई होनार?" या युक्तिवादाला त्रेसष्टपैकी एकाही अर्थाने उत्तर देता येईना. तेव्हा जुलैपासून आठवीची चाळीस पोरंपोरी माझ्या वर्गात मांडी घालून टकळ्या फिरवत बसू लागली आणि मी त्यांच्या डोक्यांवरून 'गेट' म्हणू लागलो. कातण्यासाठी कापसाचे पेळू वळून द्यायला मनकर्णाबाई दाराशी बसू लागल्या. (शाळेच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. सत्तरी ओलांडलेली बाई, माझं इंग्रजी त्यांनी भिंतीपलीकडून मी लागलो तेव्हापासून ऐकलेलं आहे. गावात माझी परीक्षा घेऊ शकेल अशी तीच एक.)

आधी मला त्या आवाजाचा संताप यायचा. चिमटीत धरून टकळी गरकन फिरवायची, तिचं टोक वाटीत घुमत राहतं, हात वर जातो, धागा लांबतो, मग तो गुंडाळायचा आणि पुन्हा गरकन. चाळीस वाट्या एकदम. पण आठवड्याभरात माझ्या ध्यानात आलं की पोरं त्याच ठेक्यावर अर्थ म्हणू लागली आहेत. फिरवताना "गेट म्हणजे", धागा ओढताना "मिळवणे", गुंडाळताना "ऑब्टेन". पुढे पुढे मीही त्याच ठेक्यावर बोलू लागलो. दिवाळीपर्यंत लागतील असं वाटलेले त्रेसष्ट अर्थ पोळ्यापर्यंत पाठ झाले. एकोणतीस वर्षांत असा वर्ग मला मिळाला नव्हता. मी रूपरावजींना सांगून टाकलं की तपासणीच्या साहेबाला आजच बोलवा. हिंगणघाटच्या तरुणाला भेटून, वाईट वाटून घेऊ नका, असंही सांगून आलो.

साहेब आले ते दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात. पुण्याकडचे, शिस्तीचे, चष्म्याच्या वरून पाहणारे. वर्गात पाऊल टाकलं आणि म्हणाले, हे काय चाललं आहे, एका वेळी एकच काम, टकळ्या खाली ठेवा. चाळीस टकळ्या खाली गेल्या. वाट्या थांबल्या. मी कोटाची गुंडी लावली आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "गेट म्हणजे?"

ताई, असली शांतता मी मयतीलाही ऐकलेली नाही. मी पुन्हा विचारलं. पोरं माझ्याकडे पाहताहेत, तोंडं उघडी, आत काही नाही. मला वाटलं, कट आहे. एका मुलीला साहेबांनी उभं केलं, तिने "गेट... गेट..." म्हटलं आणि अंगठा न् बोट नुसतंच हवेत चोळत राहिली. दुसरा सदऱ्याचं बटण पिळू लागला आणि ते तुटून त्याच्या हातात आलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग ते माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाले की मास्तर, मुलं घाबरली असतील, तुम्हीच सुरुवात करून द्या.

मी सुरुवात केली. मिळणे. मिळवणे. आणणे. पोचणे. आणि पुढे काही नाही. ज्यांना मी एकोणतीस वर्षं पोसलं, ते उरलेले एकोणसाठच्या एकोणसाठ ऐन वेळी मला ओळख देईनात. मी खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. दाराशी उभ्या रूपरावजींचे ओठ हलत होते. ते माझ्यासाठी प्रार्थना करत असावेत किंवा हिंगणघाटच्या बसची वेळ आठवत असावेत. चाळीस पोरांसमोर मी पहिल्यांदाच गप्प उभा होतो, आणि तू दारात म्हणालेलं ते वाक्य मला नको त्या वेळी आठवलं.

तेव्हा दाराशी पेळू वळत बसलेल्या मनकर्णाबाई, मान वर न करता, बोलल्या. "सायब, पोरायच्या हाती टकळ्या देऊन पाहा. हात चालला तं तोंड चालते. मले बी जात्यावर बसल्याबिगर एक ओवी आठवत नाई." साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. रूपरावजींनी भाषांतर केलं. साहेबांनी खांदे उडवले आणि, ठीक आहे, म्हणाले.

टकळ्या उचलल्या गेल्या. आधी नुसती घरघर. मग मागच्या रांगेतून एक आवाज, मग चार, मग सगळे. मिळवणे, ऑब्टेन. आणणे, फेच. होणे, बिकम. न अडखळता, न श्वास घेता, एकेक धागा ओढत पोरं चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडून गेली. मीही त्यांच्यात होतो, मोकळ्या चिमटीने हवेत टकळी फिरवत होतो असं नंतर सरोजिनीला मनकर्णाबाईंनी सांगितलं. साहेब भारावून खुर्चीवरून उठले, त्याच क्षणी आम्ही सगळे त्रेसष्टाव्या अर्थावर पोचलो आणि चाळीस पोरं एकमुखाने, त्यांच्याचकडे पाहत, निघून जा म्हणाली. सुदैवाने ते इतके आनंदात होते की त्यांनी मनावर घेतलं नाही.

आता आपलं हसं होणार की नोकरी वाचणार, एवढंच मला पाहायचं होतं. झालं तिसरंच. तुझ्या आवडीच्या खादीवाल्या लोकांत 'समवाय' म्हणतात ना, हस्तोद्योगातून विषय शिकवायचा, वीस वर्षं ज्याच्यावर वर्ध्यात भाषणं चालली आहेत? साहेबांचं म्हणणं पडलं की तो समवाय त्यांनी आज प्रथमच डोळ्यांनी पाहिला. इंग्रजी मजकडे राहिलं. वर देवदिवाळीच्या सुमारास हिंगणघाटला तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांपुढे मी या पद्धतीचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं असं ठरलं. मी स्वतः टकळी चालवायची, तोंडाने 'गेट' सांगायचं. (पहिल्या रांगेत तो चौदा अर्थवाला बसणार आहे.) साहेबांनी जाता जाता विचारलं, आपण किती नंबरचं सूत कातता? (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, हे तुला सांगायला नको.) मी म्हणालो, वीस. रूपरावजी म्हणाले, "मास्तर लाजून राह्यले, सायब. तीस."

असं हे सगळं पार पडलं. तुझ्या आशीर्वादाने लाज राहिली, इंग्रजी राहिलं, मानही मिळाला. हे पत्र केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिलं आहे, त्यात माझं काही मागणं नाही. भाऊजींना नमस्कार, आणि विहिरीच्या पाण्याबद्दल मी आपण होऊन विचारल्याचं त्यांना कृपा करून सांगू नकोस. लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझा धाकटा
माधव

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. हिंगणघाटला मोठे पाहुणे येणार आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात पाहुण्याला फुलांचा हार चालत नाही, सुताची गुंडी, म्हणजे लडी, घालावी लागते, तीही घालणाऱ्याने स्वतः कातलेली. तुझ्या पेटीत तीस नंबरच्या गुंड्या पडूनच असतील. त्यांतली एक रजिस्टरने पाठवलीस तर मी ती घालीन. माझी म्हणून सांगणार नाही. कुणी विचारलंच नाही तर तो माझा दोष नाही.

आणखी ता. क. वरचा मजकूर खोडायचा होता, पण खोडलं की कागद खराब दिसतो. गुंडी पाठवू नकोस. गेले पंधरा दिवस मी मनकर्णाबाईंकडून टकळी मागून आणून बसतो आहे. धागा तुटतो. जोडला की पुन्हा तुटतो. लांबून बघताना वाटायचं की हातांना काही करायला नाही म्हणून माणूस हे करतो. ताई, दोन हातांना इतकं काम असतं हे मला चोपन्नाव्या वर्षी समजलं. (समजणे हा सव्विसावा अर्थ. पोरं रोज म्हणतात.) त्या उपरण्यात किती हात सूत असेल ते मी काल मोजायला बसलो आणि सोडून दिलं. पंगतीत मी जे बोललो ते खोटं होतं. डिक्शनरी ही माझ्या घरातली सगळ्यात किमती वस्तू, आणि तिला गुंडाळायला घरात त्याच्याहून चांगलं कापड नव्हतं, एवढंच खरं. हे तेव्हा म्हणालो असतो तर लोक हसले नसते, म्हणून म्हणालो नाही. मला कातायला शिकव. भाऊबिजेला उपरणं घालून येतो. डिक्शनरी सध्या वर्तमानपत्रात आहे.

ता. क. (सरोजिनीच्या हातचा) वन्सं, नमस्कार. टपालात टाकायला दिलेलं पत्र मी वाचलं, ह्यांना सांगू नका. ह्यांची एक गुंडी कातून झाली आहे. फळीवर डिक्शनरीच्या मागे लपवून ठेवली आहे. त्या सुताने म्हैस बांधली तरी तुटायचं नाही. मी म्हटलं, झालं की मग, हीच घाला हिंगणघाटच्या पाहुण्यांना. तर म्हणाले, ती पाहुण्यांची नाही, ताईच्या ओवाळणीची आहे, आणि मी हे कुठे बोलायचं नाही. म्हणून लिहिते आहे. ताट मोठं घ्या. गुंडी जरा जाड आहे.